तांबट या आडनावाचा अर्थ आणि भांड्यांच्या धंद्यातले शब्द

भांडीबाजार

आमचे आडनाव तांबट. मुलीच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या आडनावाचा अर्थ घरी विचारून यायचे, असे सांगितले होते. तिने मला विचारले आणि मी लगेच सांगून टाकले की तांब्याची भांडी करणारा तो तांबट. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "मग कासार म्हणजे कोण?" तोही भांडीवालाच, असे मी म्हणालो. "मग एकाच कामाला दोन नावे कशी?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि आजोबा हयात असताना हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही याची खंत त्या रात्री फार वाटली.

आजोबांचे घर जुन्या नाशकात, तांबट लेनमध्ये होते. धंदा वडिलांच्या पिढीत सुटला, वडील नोकरीत गेले आणि आम्ही कॉलेज रोडच्या बाजूला राहायला आलो. घरात हातोडा उरला नाही, पण शब्द उरले. आई अजूनही "पत्रा ताव मागतो आहे" असे म्हणते, आणि ते ती पत्र्याबद्दल न म्हणता दुपारी कंटाळलेल्या माणसाबद्दल म्हणते. ताव, मठार, झाळ, मोड, घट, घडणावळ, नवसागर, कथील हे शब्द मी लहानपणी रोज ऐकले आहेत, पण त्यांतल्या निम्म्यांचा नेमका अर्थ मला सांगता येणार नाही.

आमच्याकडे आजोबांच्या हातचा एक तांब्याचा हंडा आहे. त्याच्या पोटावर हातोडीचे बोटाच्या पेराएवढे चपटे ठसे आहेत, एकाची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली, आणि अशा ओळी गळ्यापासून बुडापर्यंत फिरत गेल्या आहेत. काठाखाली आजीचे नाव बारीक ठिपक्यांनी कोरलेले आहे. हात फिरवला तर नाव आधी बोटांना लागते आणि मग डोळ्यांना दिसते. हा हंडा ज्याने घडवला त्याच्या कामाला काय म्हणत आणि त्याच्या नावाचा खरा अर्थ काय, हे जाणकारांनी सांगावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे. केवळ आडनावाची व्युत्पत्ती नको, धंद्यातले शब्दही हवे आहेत, कारण माझ्या मते आडनावाचा अर्थ त्या शब्दांच्या सोबतीनेच लागेल.

शब्दवही

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर त्या दोन शब्दांच्या शेपटांत दडलेले आहे.

आपल्याकडची धंद्यावरून पडलेली बहुतेक नावे 'आर' वर संपतात. लोहकार याचा लोहार झाला, सुवर्णकार याचा सोनार, कुंभकार याचा कुंभार, चर्मकार याचा चांभार. संस्कृतातला 'कार' म्हणजे करणारा, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' प्राकृतात झिजून गेला की मागे नुसता 'आर' उरतो. कासार याच घरातला. कांस्यकार, म्हणजे कांसे या धातूचे काम करणारा, याचा तो कासार. या शब्दाचा मधला टप्पा तर आपल्या शेजारीच दगडावर कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत धर्मादाय ठेव स्वीकारणाऱ्या ज्या श्रेणी, म्हणजे कारागिरांचे संघ, आल्या आहेत, त्यांत बांबूकाम करणाऱ्या 'वसकारां'च्या जोडीला 'कासाकारां'ची श्रेणी आहे. कांस्यकार आणि कासार यांच्या बरोबर मध्ये उभा असलेला हा शब्द सुमारे अठरा शतकांपूर्वीचा आहे.

तांबट मात्र 'आर' वर संपत नाही. तो ताम्रकार यापासून आला असता तर आज आपण 'तांबार' असे काहीतरी म्हणत असतो. त्याचे मूळ ताम्रकुट्ट किंवा ताम्रकुट्टक असे आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात हा शब्द स्पष्ट दिलेला आहे. तेथे 'शौल्बिक' आणि 'ताम्रकुट्टक' हे एकमेकांचे पर्याय म्हणून येतात आणि शुल्ब म्हणजेही तांबेच. आम्र या शब्दाचा अंब आणि मग आंबा झाला, त्याच वाटेने ताम्र याचा तंब आणि मग तांबे झाले. मराठीतला 'ब' हा त्या 'म्र' मधून उगवलेला आहे. 'कुट्ट' मधला 'क' नेहमीप्रमाणे गळाला आणि 'ट' तेवढा शिल्लक राहिला.

तो 'ट' महत्त्वाचा आहे. कुट्ट म्हणजे कुटणारा, ठोकणारा, आणि आपण दाण्याचा कूट करतो किंवा मसाला कुटतो ते क्रियापद हेच. लोहाराचे, सोनाराचे, कुंभाराचे नाव तो काय करतो एवढेच सांगते. तांबटाचे नाव तो ते कसे करतो हे सांगते. त्याच्या नावातच हातोडा आहे.

दिंडोरी रोड

माहिती उत्तम आहे. माझी एक शंका आहे. आमच्या गावाकडे तांबोळी आडनावाची बरीच घरे आहेत आणि आमच्यात असा समज आहे की तांबोळी आणि तांबट हे मुळात एकच, एक गट भांडी घडवू लागला आणि दुसरा विकू लागला. तांबे आडनावाचे लोकही त्यांच्यातलेच असे काही जण सांगतात. यात कितपत तथ्य आहे?

दुसरे असे की बारा बलुतेदारांची यादी आम्ही शाळेत पाठ केली होती. तीत लोहार, सुतार, कुंभार सगळे आहेत, पण तांबट कुठेच नाही. भांडी तर प्रत्येक घराला लागतात, मग त्याला वगळले कसे?

शब्दवही

तांबोळ्याचा तांब्याशी काही संबंध नाही. तांबूल म्हणजे विडा, आणि तांबूलिक म्हणजे विड्याची पाने विकणारा, त्याचा तांबोळी झाला. गावगाड्यातल्या अठरा अलुतेदारांच्या याद्यांत तेली, माळी, साळी यांच्याबरोबर तांबोळी येतो तो पानांच्या धंद्यामुळे. दोन्ही शब्दांची सुरुवात 'तांब' अशी झाल्यामुळे लोकांनी त्यांना भाऊ ठरवून टाकले आहे. शब्दांच्या बाबतीत कानावर विसंबून नाते जुळवू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण एकदा चुकीची कुळकथा रुळली की ती तीन पिढ्या निघत नाही. तांबे हे आडनाव निरनिराळ्या समाजांत आहे आणि त्या सगळ्यांना तांबटांच्या पंगतीत बसवणे योग्य होणार नाही.

बलुतेदारांविषयीचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. बलुतेदार म्हणजे ज्याचे काम शेतकऱ्याला वर्षभर पुन्हा पुन्हा लागते आणि ज्याला त्याबद्दल सुगीला धान्य मिळते असा माणूस. नांगराचा फाळ दर हंगामाला शेवटावा, म्हणजे टोकाला पुन्हा घडवावा, लागतो, मडके फुटते, दाढी वाढते. तांब्याचा हंडा एकदा घेतला की दोन पिढ्या चालतो. एका गावात एका तांबटाचे पोट भरेल एवढे काम निघतच नाही, म्हणून तो गावात न राहता बाजारपेठेच्या शहरात राहिला, आपल्यासारख्यांच्या शेजाराने राहिला, आणि त्याच्या नावाने गल्ल्या पडल्या. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, नाशकात तांबट लेन आहे. नाशकाला तर ते फारच सोयीचे होते. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूला पळी, पंचपात्र, ताम्हण आणि गोदेचे पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू लागतो. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही इथल्या तांब्यापितळेच्या कामाची नोंद आहे.

सातपूरकर

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये बावीस वर्षे काम केले. आमचे काम लोखंडाशी असले तरी निवृत्तीच्या आधी काही वर्षे तांब्याच्या पट्ट्यांचे काम हातात होते, त्यामुळे 'ताव' या शब्दाविषयी अधिकाराने सांगू शकतो.

तांबे मऊ असते, पण त्यावर हातोडी चालवत गेलो की ते कडक होत जाते. ठोकण्याने धातूच्या आतली रचना गुंतत जाते आणि ती पुढे सरकायला तयार होत नाही. त्या अवस्थेत आणखी ठोकले तर पत्रा पसरत नाही, काठाला तडकतो. हातोडीचा आवाजही बदलतो, आधी बद्द येणारा आवाज टणत्कारासारखा येऊ लागतो, आणि जुना कारागीर त्या आवाजावरूनच थांबतो. मग भांडे भट्टीत घालून काळपट तांबड्या रंगावर येईपर्यंत तापवायचे. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सियसला, पण मऊ पडायला त्याच्या निम्म्याच्या आसपासची उष्णता पुरते. याला ताव देणे म्हणतात. तुमच्या आई जे म्हणतात ते शब्दशः बरोबर आहे. पत्रा ताव मागतो, म्हणजे आता माझ्यावर आणखी घाव घालू नका, आधी मला सैल होऊ द्या असे तो सांगतो.

येथे लोहार आणि तांबट यांच्यातला मोठा फरक आहे. लोहार लोखंड तापलेले असतानाच ठोकतो, आणि पोलाद लाल असताना पाण्यात बुडवले तर ते कडक होते. तांबे उलट आहे. ते तापवून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते, आणि तांबट ते थंड झाल्यावर ठोकतो. त्यामुळे एका हंड्यासाठी ठोकणे, तावणे, पुन्हा ठोकणे असे कितीतरी फेरे होतात. 'तावून सुलाखून निघणे' हा वाक्प्रचार आपण परीक्षेतून पार पडलेल्या माणसाला लावतो. त्यातला सुलाख हा नाण्याला किंवा सोन्याला भोक पाडून आतला धातू पाहण्याचा आहे, म्हणजे ते शब्द सराफाच्या पेढीवरचे, पण ताव सगळ्या धातुकामाचा सामाईक आहे.

दर तावानंतर तांब्यावर काळी पापडी धरते. ती चिंच आणि मीठ लावून घासून काढायची, नाहीतर पुढच्या घावाला ती धातूत रुतून बसते. घरी आपण देवाची उपकरणी चिंचेने घासतो, तेच इथे मोठ्या प्रमाणावर चालते.

आता मठार. घडण पूर्ण झाली, आकार आला, की शेवटी लोखंडी पहारीच्या गोलसर टोकावर भांडे आतून टेकवून बाहेरून हलक्या हाताने एकसारखे ठोके देत जायचे. आकार बदलायचा नाही, फक्त कडकपणा आणायचा. शेवटच्या तावाने सगळे भांडे मऊ पडलेले असते आणि तसेच ठेवले तर नुसत्या दाबाने त्याला पोचे पडतील. मठारल्यामुळे पातळ पत्र्याच्या भांड्यालाही अंगचा ताठपणा येतो. तुमच्या हंड्यावरचे ते चपटे ठसे म्हणजे मठार. लोकांना ती नक्षी वाटते. मुळात ती भांड्याची ताकद आहे, आणि देखणेपण त्या मागून आलेले आहे. आज प्रेसमध्ये दाबून ठशांसारखी दिसणारी भांडी निघतात. त्यांचे ठसे एका मापाचे, एका अंतरावर असतात, कोणी कोणावर चढलेला नसतो.

एक विनंती आहे. हंडा उन्हात धरून त्याच्या पोटाच्या सर्वांत फुगीर भागाभोवती नीट पाहा. जुन्या पद्धतीत हंड्याचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा घडवत आणि एकाच्या काठाला दात पाडून ते एकाआड एक दुसऱ्या काठाच्या आतबाहेर बसवत. मग टाकणखार लावून पितळेची झाळ देत, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडत, आणि सांधा ठोकून सपाट करत. तसा सांधा असेल तर पिवळसर दातेरी रेघ दिसेल.

माहेर नाशिक

माझे माहेर भांडी बाजाराजवळचे. वर आलेल्या शब्दांत कल्हई राहून गेली आहे, म्हणून लिहिते.

तांब्याचे भांडे पाण्याला तसेच चालते, पण स्वयंपाकाला ते काय किंवा पितळेचे काय, चालते ते आतून कल्हई असेल तरच. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या भांड्यात राहिला की तो कळकतो. हा शब्द आता फार कमी ऐकू येतो. 'आमटी कळकली' म्हणजे ती नासली किंवा आंबली असे नव्हे, तर भांड्याचा धातू तिच्यात उतरला, जिभेला तुरट धातूची चव आली आणि कडेला हिरवट झाक दिसली. ताक, चिंचेचे सार, टोमॅटोची भाजी यांना हा धोका अधिक. मळलेल्या, न घासलेल्या वस्तूला आपण कळकट म्हणतो, तो शब्दही याच घरातला आहे. माझ्या आजीला कळकट म्हणजे मळकट हे मान्यच नव्हते. तिच्या लेखी ताकाला कळकट वास येत असे, कपड्याला येत नसे.

कल्हईवाला वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळी वाळवणाच्या सुमारास, वाड्याच्या चौकात येऊन बसत असे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला कातड्याचा भाता आणि तो ओढायला एक मुलगा. पातेले चिमट्याने निखाऱ्यांवर फिरवून सारखे तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, आणि कापसाच्या बोळ्याने ती सगळीकडे पुसायची. नवसागर टाकताच नाकात चढणारा पांढरा धूर होई आणि त्या धुराबरोबर भांड्याचा आतला मळ निघून धातू लख्ख दिसू लागे. मग कथलाची कांडी तापलेल्या बुडाला टेकवली की ती पाण्यासारखी वितळे. कथील २३२ अंशांना वितळते हे मी पुढे रसायनशास्त्रात शिकले, पण ते वितळताना पाहिले होते सात वर्षांची असताना. तो बोळा गर्रकन फिरला की पिवळे पातेले आतून चांदीसारखे होई. लगेच ते पाण्याच्या बादलीत, आणि चुर्र असा आवाज.

कल्हई हा शब्द अरबीतून आला आहे. कलई म्हणजे कथील. मात्र कल्हईवाला आणि तांबट एक नव्हेत. तांबट भांडे घडवतो, कल्हईवाला त्याला राखतो. आमच्याकडे येणारे कल्हईवाले मुसलमान होते आणि त्यांच्या तोंडी ताव, झाळ, पोचा हे सगळे शब्द आमच्या गल्लीतल्या तांबटांच्याइतकेच सहज होते. धंद्याची बोली अशी जातीधर्माच्या भिंती ओलांडून चालते, म्हणून हे मुद्दाम नोंदवावेसे वाटले.

पंचवटी १२

वर तांबट आणि कासार यांच्यात जी रेघ ओढली गेली आहे, ती मला मान्य नाही. आम्ही स्वतः त्वष्टा कासार. आमच्या नात्यात तांबट आडनावाची कितीतरी घरे आहेत आणि आमच्यात रोटीबेटी व्यवहार पिढ्यान्पिढ्या आहे. व्याकरण काही म्हणो, समाज एकच आहे. त्वष्टा हा वेदांतला कारागीर देव, इंद्राचे वज्र घडवणारा. त्याचे नाव लावणारे लोक घडवणारेच असणार, नुसते ओतणारे किंवा विकणारे कसे असतील?

शिवाय कासार म्हटले की आज निम्म्या महाराष्ट्राला बांगड्या भरणारा आठवतो. लग्नघरी चुडा भरायला कासार बोलावतात. मग कांस्यकार या अर्थाचे काय करायचे?

शब्दवही

आपला आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मांडणीत जी उणीव होती ती आपण दाखवली. शब्दाची रेघ आणि समाजाची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सांगत होतो ते शब्दाविषयी. कासार हे नाव जातीचे झाले तेव्हा त्यात तांब्यापितळेचे आणि काशाचे काम करणारे वेगवेगळे गट सामावले गेले, आणि त्यांतल्या घडवणाऱ्या गटाने त्वष्टा हे विशेषण लावून आपली ओळख राखली, असे मला दिसते. म्हणजे आपल्या नावातही तोच आग्रह आहे जो तांबट या शब्दात आहे.

बांगड्यांचे म्हणाल तर तेथे धंदा बदलला आणि नाव राहिले. धातूच्या वस्तू विकणारा बांगड्याही विकू लागला आणि काचेच्या बांगड्या आल्यावरही त्याला लोक कासारच म्हणत राहिले. तांब्याचे उदाहरण पाहा. पाण्याच्या लोट्याला आपण धातूवरून तांब्या म्हणू लागलो आणि आज 'स्टीलचा तांब्या' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. आडनावाचेही तेच होते. आज बँकेत बसलेला तांबट काही कुटत नाही, पण नाव त्याला कुटणाराच म्हणते.

ओतणाऱ्याला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. ओतारी हा तितकाच कसबी. काशात साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते, आणि असा धातू थंड असताना ठोकला तर तडकतो. घंटा ओतूनच करावी लागते. त्या त्या धातूने आपापला कारागीर घडवला आहे.

जुनी पेढी

आमचे भांड्यांचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. मूळ लेखकांनी मोड, घट आणि घडणावळ विचारले होते, त्याकडे कोणी वळले नाही, म्हणून मी सांगतो.

तांब्यापितळेचे भांडे नगावर विकले जात नाही, वजनावर विकले जाते. गिऱ्हाईक नवे भांडे घ्यायला येते तेव्हा बहुधा जुने घेऊन येते. ते जुने म्हणजे मोड. मोडीचा भाव नव्या मालापेक्षा कमी असतो. त्यातून घट धरतात, कारण वितळवताना झाळ, कल्हई, मळ आणि जळीत वजा होते आणि हातात येणारा धातू तेवढ्याने कमी भरतो. उरलेल्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वळते करायचे आणि त्यावर घडणावळ लावायची. घडणावळ ही एकटी रक्कम अशी आहे की जी धातूची नसून हाताची आहे. आडनावातल्या त्या कुटण्याची मजुरी ती हीच. तांबट बलुत्यावर नव्हता हे वर आले आहे, त्याचे कारण आमच्या चोपडीत असे रोज दिसते.

'मोडीत काढणे' हे आपण आता कायद्याला, संस्थेला, माणसालाही लावतो. आमच्या दुकानात मात्र तो शब्द अजून वजनकाट्यासमोरच उच्चारला जातो, आणि तो उच्चारताना बायकांचा आवाज खाली येतो हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. स्टीलची भांडी घरोघरी आली त्या काळात माझ्या वडिलांच्या समोर हंडे, घंगाळे, बंब, पराती यांचे ढीग लागत. पुष्कळांवर ठिपक्यांनी नावे कोरलेली असत, रुखवतात दिलेली, बारशाला आलेली. वडील नाव मोठ्याने वाचून दाखवत आणि विचारत, "नक्की मोडायचे ना?" काही जणी भांडे परत घेऊन जात. धंद्याच्या दृष्टीने तो तोटा होता, पण वडिलांनी ती पद्धत कधी सोडली नाही.

रानवाटा

धाग्याच्या विषयाला धरून एक भर घालतो. तांबट नावाचा पक्षी आपल्याकडे सर्वत्र आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या वड, पिंपळ आणि उंबरावर हमखास दिसतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. त्याला हे नाव त्याच्या लालीवरून पडले असे काही जण सांगतात, पण ते बरोबर नाही. उन्हाळ्यात तो उंच शेंड्यावर बसून टुक, टुक, टुक असा एकाच लयीत आवाज काढत राहतो, आणि तो हुबेहूब धातूवर बारीक हातोडी पडत असल्यासारखा असतो. म्हणजे पक्ष्याचे नावही तांब्यावरून पडलेले नाही, कुट्टावरून पडले आहे. शब्दवही यांनी जे व्याकरणाने सांगितले, ते पक्ष्याला नाव देणाऱ्या माणसाने कानाने ओळखले होते.

माहेर नाशिक

हे वाचून एकदम आठवले. आमच्या गल्लीत सकाळी आठच्या सुमाराला पहिला ठोका पडे आणि मग एकेक घर त्यात मिसळत जाई. मोठ्या हातोड्याचा ठोका सावकाश, मठाराचा जलद. 'तीच गोष्ट किती मठारतेस' असे आई मला म्हणायची, एकच तक्रार बारीक बारीक करून पुन्हा सांगू लागले की. तो शब्द मी माझ्या मुलांना कधी वापरला नाही. आता वापरेन.

भांडीबाजार

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीच्या वहीत तांब्याची भांडी करणारा हे वाक्य खोडून तिने 'तांबे कुटणारा' असे लिहिले आहे आणि त्याखाली कासाकार, कांस्यकार, ताम्रकुट्टक हे तीन शब्द. ताम्रकुट्टक लिहिताना दोन 'ट' का, हे तिला समजावून सांगताना आईने खलबत्ता पुढे केला आणि काम सोपे झाले.

पंचवटी १२ यांचे म्हणणे मी आईला वाचून दाखवले. तिने सांगितले की तिच्या माहेरच्या लग्नपत्रिकांवर त्वष्टा कासार असेच छापत आणि सासरी आल्यावर तिला तांबट हे आडनाव मिळाले, त्यात तिला कधी दोन जाती दिसल्या नाहीत. हेही त्या वहीत गेले आहे.

सातपूरकर यांनी सांगितल्याप्रमाणे काल सकाळी हंडा गच्चीवर नेला. आधी काही दिसले नाही, कारण वर्षानुवर्षांचा काळेपणा होता. चिंच आणि मीठ लावून पोटाचा भाग घासला, धुतला आणि उन्हाकडे तिरका धरला. रेघ आहे. तांबड्या पत्र्यावर केसाएवढी पिवळी रेघ, वरखाली वरखाली जात हंड्याला पूर्ण वळसा घालणारी, आणि तिच्यावरून मठाराचे ठसे जसेच्या तसे पुढे गेलेले. बोटाला सांधा लागत नाही, नखालाही लागत नाही. मुलीने खडूने एका दातावर खूण केली आणि तेथून मोजायला सुरुवात केली. एकतीस दात भरले. एक दात बाकीच्यांपेक्षा रुंद आहे, वळसा पूर्ण होताना जेथे माप थोडे उरले असेल तेथे.